सत्ता मिळाली तरी कारस्थानं संपत का नाहीत?

तिरकी_रेघ (धागाकर्ता)

गेले काही महिने युरोप-अमेरिकेतल्या अतिउजव्या पक्षांबद्दल जमेल तसं वाचतोय. एक गाठ काही केल्या सुटत नाही, म्हणून इथे टाकतो.

विरोधात असताना कटाच्या कहाण्या सांगणं मला समजतं. हरलो म्हणण्यापेक्षा हरवलं म्हणणं केव्हाही सोपं. पण ही मंडळी जिंकल्यावरही तेच सांगत राहतात. हंगेरीत व्हिक्टर ओर्बान २०१० मध्ये सत्तेवर आले. संसदेत दोन तृतीयांश बहुमत, राज्यघटना नव्याने लिहून घेतलेली, बरीचशी माध्यमं मित्रांच्या हातात. आणि २०१७ च्या उन्हाळ्यात देशभर सरकारी खर्चाने पोस्टरं लागली. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी अब्जाधीश देणगीदार जॉर्ज सोरोस यांचा हसरा फोटो आणि मजकूर असा की शेवटी हसण्याची संधी सोरोसना देऊ नका. पोलीस, तिजोरी, कायदा सगळं ज्याच्या मुठीत, तो ८६ वर्षांच्या एका म्हाताऱ्याला घाबरतो?

ट्रम्प यांचं तर त्याहून भारी. २०१६ ची निवडणूक जिंकले, आणि वर म्हणाले की ३० ते ५० लाख बेकायदा मतं पडली. स्वतः जिंकलेल्या निवडणुकीत घोटाळा झाला अशी तक्रार करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नव्हता.

तर प्रश्न असा: ही सवय आहे, खरोखरची श्रद्धा आहे, की या कहाण्यांवाचून यांचं सरकारच चालत नाही?

विनंती: देशी राजकारण इथे नको. त्यासाठी बाकीचे धागे ओसंडून वाहताहेत.

खडूफळा

पहिला! हा प्रतिसाद लिहिण्याचे सोरोस यांनी मला पैसे दिलेले नाहीत. (अजून.)

निमूट

@खडूफळा, मलाही नाही आले. खातं तपासून सांगतो.

वाळूचं_घड्याळ

विषय चांगला आहे. थोडे मागे जाऊन लिहितो.

२९ सप्टेंबर १९१८ रोजी, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, जर्मन सेनेचा सर्वेसर्वा लुडेनडॉर्फ याने स्वतःच सांगितले की आता ताबडतोब युद्धबंदी मागा. म्हणजे हात टेकले ते सेनापतीने. पण मागायला पुढे कोणाला घातले? मुलकी पुढाऱ्यांना. ११ नोव्हेंबरच्या तहनाम्यावर सही करणाऱ्या जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख होता माथियास एर्झबर्गर, एक राजकारणी. वर्षभराने लुडेनडॉर्फचे वरिष्ठ सेनापती हिंडेनबुर्ग संसदेच्या चौकशी समितीपुढे आले आणि सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला, असे सांगून मोकळे झाले. एर्झबर्गरचा १९२१ मध्ये खून झाला. परराष्ट्रमंत्री राथेनाऊ १९२२ मध्ये मारले गेले.

ज्याने हात टेकले तो वीर राहिला आणि ज्याने सही केली तो गद्दार ठरला. पराभवाचे खाते अलगद दुसऱ्याच्या नावावर चढले. आता धागाकर्त्याच्या प्रश्नाकडे. १९३३ नंतर नाझींच्या हाती सगळी सत्ता आल्यावर ही कहाणी थंडावायला हवी होती. ती उलट सरकारी धोरण झाली. तेव्हा सत्ता मिळाली की कारस्थान संपते हे गृहीतकच तपासून पाहावे, असे वाटते.

शब्दखोर

धाग्यात अजून कोणी 'पॉप्युलिझम'ला मराठी शब्द वापरला नाही म्हणून मीच खाजवून घेतो. वर्तमानपत्रं 'लोकानुनय' लिहितात. मला तो पटत नाही. अनुनय म्हणजे लाडीगोडी, मनधरणी. फुकट वीज द्या, कर्ज माफ करा, हा झाला अनुनय. तो सगळेच पक्ष करतात.

राज्यशास्त्रातले यान-वेर्नर म्युलर वेगळी खूण सांगतात. पॉप्युलिस्ट म्हणतो की खरी जनता म्हणजे आम्हीच, आणि तिच्या वतीने बोलायचा हक्क फक्त आम्हाला. हे एकदा मान्य केलं की कारस्थान आपोआप मागून येतं बघा. अख्खी जनता तुमच्या बाजूला आहे, तरीही मतं कमी पडली. मग कोणीतरी चोरली असणारच! दुसरा हिशेब जुळतच नाही. ट्रम्प २०१६ मध्ये जिंकले खरे, पण देशभरातल्या एकूण मतांत सुमारे २९ लाखांनी मागे होते. ते २९ लाख कुठेतरी जिरवायला हवेत ना.

तिरकी_रेघ

@शब्दखोर, हे डोक्यात आलंच नव्हतं! म्हणजे ३० लाखांचा आकडा असा बेतून शिवलेला होता तर.

शब्दखोर

बेतून शिवला की आपसूक अंगाला बसला, ते शिंप्यालाच ठाऊक. पुढे मे २०१७ मध्ये त्यांनी घोटाळा शोधायला खास आयोग नेमला. जानेवारी २०१८ मध्ये तो गुंडाळला. घोटाळ्याचा पुरावा मिळाला नाही.

ब्राझीलचे बोल्सोनारोही त्याच पठडीतले. २०१८ ची निवडणूक दुसऱ्या फेरीत जिंकले, आणि २०२० मध्ये सांगू लागले की मी तर पहिल्याच फेरीत जिंकलो होतो, माझ्याकडे पुरावे आहेत. ते पुरावे अजून यायचेत.

अवखळ_आत्या

'लोकानुनय' नको तर मग काय म्हणायचं? 'आम्हीचलोक'वाद?

शब्दखोर

आत्या, हा शब्द मी ढापणार आहे.

उलटतपासणी

सगळे एकाच सुरात गाताहेत म्हणून जरा दुसरी बाजू.

'कॉन्स्पिरसी थिअरी' हा शिक्का मारला की समोरच्याचं तोंड बंद होतं, आणि तो मारतं कोण? ज्यांच्याकडे सत्ता आणि माध्यमं आहेत ते. टस्कीगीमध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता 'अभ्यासला'. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही. हे १९६० साली कोणी सांगितलं असतं तर तुम्हीच त्याला वेड्यात काढलं असतं. २००३ मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत हे जगाला छातीठोकपणे सांगणारे अतिउजवे नव्हते, सुटाबुटातले मुख्य प्रवाहातले सज्जन होते. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या स्नोडेनने कागद बाहेर काढेपर्यंत 'सरकार सगळ्यांचे फोन नोंदवतंय' म्हणणाराही येडाच होता.

लोक उगाच संशय घेत नाहीत हो. त्यांना फसवलं गेलंय.

खडूफळा

उलटतपासणी आले! खुर्ची टाकून बसलो आहे.

बारीकसारीक

@उलटतपासणी, तुमची तिन्ही उदाहरणं खरी आहेत. पण ती बाहेर कशी आली तेही बघा. टस्कीगी एका आतल्या माणसाने आणि वार्ताहराने बाहेर काढलं, स्नोडेन प्रकरण कागदांनी. वॉटरगेट, म्हणजे निक्सन यांचं राष्ट्राध्यक्षपद घालवणारं घरफोडीचं प्रकरण, तर एका रखवालदारामुळे उघडकीला आलं. दाराचं कुलूप लागू नये म्हणून चिकटवलेली टेप त्याला दिसली, त्याने काढून टाकली. परत फेरीवर आला तर पुन्हा टेप! मग त्याने पोलिसांना बोलावलं.

खरे कट असे असतात. गबाळे, थोड्या माणसांचे, काहीतरी ठरावीक पदरात पाडून घेण्यासाठी केलेले, आणि कुठेतरी टेप चिकटलेली. मोठमोठ्या कहाण्यांमधला कट मात्र कधी चुकत नाही. हजारो माणसं सामील, दशकानुदशकं चाललाय, आणि एकाचीही बायको शेजारणीजवळ काही बोलली नाही.

उलटतपासणी

@बारीकसारीक, मुद्दा मान्य. पण टेप दिसायच्या आधी संशय घेणारा वेडा ठरतो, एवढंच म्हणतोय. बाकी बायकोचं वाक्य लिहिल्याबद्दल तुमच्यावर आता काय कोसळेल त्याला मी जबाबदार नाही.

अवखळ_आत्या

कोसळतेय. नवऱ्यांच्या पोटात तरी काय राहतं?

मिरचीदाणा

उलटतपासणींच्या शेवटच्या वाक्यावरून एक आठवण लिहायचीय. लांबेल.

मी चार वर्षं वॉर्सात नोकरीला होते. तिथल्या एका मैत्रिणीचे बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी टेबलावरच्या ग्लासात एक पेन्सिल उभी केली, खणातून फूटपट्टी काढली आणि ती हळूच पेन्सिलीवर आदळवली. पेन्सिल पडली. "बघ," ते म्हणाले, "फूटपट्टी तुटली का?" मैत्रिणीने कपाळावर हात मारला. तिने हा प्रयोग शंभर वेळा पाहिलेला.

फूटपट्टी म्हणजे विमानाचा पंख, पेन्सिल म्हणजे बर्चचं झाड. १० एप्रिल २०१० ला पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की, त्यांच्या पत्नी, सेनाधिकारी, खासदार अशा ९६ जणांना घेऊन जाणारं विमान रशियात स्मोलेन्स्कजवळ दाट धुक्यात कोसळलं. कोणी वाचलं नाही. रशियन आणि पोलिश दोन्ही चौकशांचं म्हणणं, विमान धुक्यात फार खाली आलं, पंख झाडाला लागून तुटला. पोलिश अहवालाने रशियन नियंत्रकांनाही दोष दिला. बाबांचं म्हणणं, स्फोट घडवला.

आता हे विमान कुठे चाललं होतं बघा. कातिनला. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी, पोलीस, शिकलेली माणसं गोळ्या घालून मारली, त्याच्या ७० व्या स्मृतिदिनाला. या हत्याकांडाचं खापर सोव्हिएत सरकारने जर्मनांवर फोडलं, आणि कबुली दिली १९९० मध्ये. पन्नास वर्षं! बाबा शाळेत जे शिकले ते खोटं होतं, घरात दार लावून कुजबुजत जे ऐकलं ते खरं होतं. अशा माणसाला तुम्ही रशियन अहवाल वाचायला देणार.

बरं, पुढेही संशयाला खतपाणी मिळतच गेलं. विमानाचे अवशेष रशियाने परत दिले नाहीत. २०१६ पासून थडगी उघडून तपासणी झाली तर एकाच्या शवपेटीत दुसऱ्याचा मृतदेह निघाला, काहींचे अवशेष एकमेकांत मिसळलेले. बेपर्वाई होती ती. पण बाबांना कसं सांगणार?

आता राजकारण. राष्ट्राध्यक्षांचे जुळे भाऊ यारोस्वाफ काचिन्स्की 'कायदा आणि न्याय' पक्षाचे प्रमुख. दर महिन्याच्या १० तारखेला वॉर्सात मोर्चा निघायचा आणि शेवटी ते एका छोट्या मंचावर चढून सांगायचे की आपण सत्याच्या जवळ पोचतोय. मी दोनदा पाहिलाय. मेणबत्त्या, प्रार्थना, गुलाब, समोरच्या फुटपाथवर विरोधक. २०१५ मध्ये त्यांचं सरकार आलं. २०१६ मध्ये संरक्षणमंत्री माचेरेविच यांनी नवी उपसमिती बसवली. सत्य दर महिन्याला जवळ येत होतं, पोचत मात्र नव्हतं.

सरकार आलं तेव्हा बाबा म्हणाले होते, आता सगळं कळेल. तीन वर्षांनी विचारलं तर म्हणाले, "कसं कळेल? आत अजून त्यांचीच माणसं बसलीत."

सांजवात

मिरचीदाणा, काय लिहिलंयस गं. शेवटच्या वाक्यावर थांबले.

वाळूचं_घड्याळ

उत्तम प्रतिसाद. एक शंका: 'कायदा आणि न्याय' पक्षाला अतिउजवा म्हणावे का? राष्ट्रवादी, सनातनी, पॉप्युलिस्ट म्हणता येईल. पोलंडमध्ये त्याच्याही उजवीकडे पक्ष आहेत.

मिरचीदाणा

@वाळूचं_घड्याळ, बरोबर, मीही म्हणणार नाही. पण धागाकर्त्याचा प्रश्न जिंकल्यानंतरचा आहे आणि त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी जवळून दुसरं पाहिलेलं नाही.

तीनपेडी

गंभीर चर्चेत थोडा जर्मन करमणुकीचा कार्यक्रम.

आमच्याकडे राइशब्युर्गर नावाची मंडळी आहेत. त्यांच्या मते जुनं जर्मन साम्राज्य अजून कायद्याने जिवंत आहे आणि आजचं जर्मनी हा देश नसून खाजगी कंपनी आहे. पुरावा? ओळखपत्राला जर्मनमध्ये 'पेर्झोनालआउसवाइस' म्हणतात. 'पेर्झोनाल' म्हणजे कर्मचारीवर्ग. म्हणजे आपण नागरिक नाही, कंपनीचे नोकर! शिवाय सरकारी कर्जाचं काम बघणारी एक संस्था कंपनी म्हणून नोंदलेली आहे, तिच्या नावात देशाचं नाव आहे, झालं. माझ्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पालिकेची पत्रं 'तुमच्या कंपनीशी माझा करार नाही' असं लिहून परत पाठवतात. कचऱ्याच्या गाडीशी मात्र करार असावा, कारण दर मंगळवारी डबा शिस्तीत खाली ठेवलेला असतो.

खडूफळा

देश कंपनी असेल तर बोनसचं काय झालं ते विचारा त्यांना.

निमूट

आणि राजीनामा कोणाकडे द्यायचा?

तीनपेडी

मीही हसायचो. मग डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ३,००० पोलिसांनी देशभर छापे घातले, पंचविसेक जणांना पकडलं. सरकार उलथवायचा कट. राजा कोण होणार तर हाइनरिश तेरावा नावाचा एक म्हातारा सरदार. पकडलेल्यांत माजी सैनिक होते आणि अतिउजव्या एएफडी पक्षाची एक माजी खासदार, जी पेशाने न्यायाधीश. संसदेत सशस्त्र घुसायची तयारी होती असं आरोपपत्र म्हणतं.

आता वरच्या मजल्यावर पावलं वाजली की मी थोडा कान देऊन ऐकतो. वाईट वाटतं, पण ऐकतो.

सांजवात

मीही एक लिहिते. मी अमेरिकेत असते. इथली माझी एक मैत्रीण, योगवर्गात ओळख झालेली, अत्यंत प्रेमळ बाई. २०२० च्या उन्हाळ्यात लहान मुलांच्या तस्करीविरुद्धच्या पोस्ट पाठवायला लागली. मुलं वाचवा म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मीही दोन पुढे ढकलल्या. हळूहळू कळलं की या वाटेच्या टोकाला क्यूअनॉन आहे. मोठे डेमोक्रॅट पुढारी, नट, धनाढ्य सगळे सैतानपूजक, मुलांना पळवतात, आणि ट्रम्प त्यांच्याशी गुप्त लढाई लढताहेत.

या 'क्यू'ची पहिली भविष्यवाणी २८ ऑक्टोबर २०१७ ची, की हिलरी क्लिंटन यांना दोन दिवसांत अटक होणार. ती तिथेच फसली होती. तरी गाडी पुढे तीन वर्षं धावली.

२० जानेवारी २०२१, बायडेन यांच्या शपथविधीचा दिवस. मैत्रिणीने पाण्याचे कॅन भरून ठेवले, बँकेतून रोकड काढली आणि टीव्हीपुढे बसली. शपथेच्या ऐन क्षणी लष्कर सगळ्यांना बेड्या घालणार होतं. दुपारी मला मेसेज आला: "तो शपथ घेतोय." एवढाच. मी फोन केला तर रडत होती. मला वाटलं, सुटली. पंधरा दिवसांनी म्हणाली, खरी तारीख ४ मार्च आहे.

तीनपेडी, पावलं ऐकण्याचं समजू शकते. मी अजून तिला दर रविवारी फोन करते. राजकारण सोडून सगळं बोलतो. आम्हा दोघींना ते जड जातं.

बारीकसारीक

@सांजवात, फोन सुरू ठेवा. तुमच्या जागी मीही वाद घालणार नाही.

धाग्याच्या दृष्टीने यातलं एक हेरण्यासारखं आहे. ट्रम्प तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते! जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि कहाणीत तो अजून लपूनछपून लढतोय. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना क्यूअनॉनबद्दल विचारलं तर म्हणाले, फारसं माहीत नाही, पण त्यांना मी आवडतो असं ऐकलंय. 'हे खोटं आहे' एवढं बोलायला काय लागलं असतं? पण वचनं का पुरी झाली नाहीत याचं उत्तर लोक स्वतःच रचून देत असताना कोण नको म्हणेल.

गाळणी

श्रद्धा की सवय, असं मुळात विचारलंय. तिसरी शक्यता धंदा.

२०२० च्या निवडणुकीनंतर मतमोजणी यंत्रांच्या कंपनीने फॉक्स न्यूजवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. खटल्यात वाहिनीचे आतले मेसेज बाहेर आले. मतचोरीचे दावे करणाऱ्या पाहुण्यांवर निवेदकांचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता. पण खरं बोललो तर प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे पळतील ही धास्ती होती. एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे वाहिनी प्रेक्षकांना घाबरत होती. आपण समजतो वरून खाली ओततात. इथे खालून वर मागणी होती.

उलटतपासणी

@गाळणी, हे आवडलं. माझ्या मुद्द्याचा अर्धा भाग तुम्हीच मांडलात: लोकांना ते हवं होतं. का हवं होतं, त्यावर या धाग्यात मिरचीदाणा सोडल्यास कोणी लिहिलेलं नाही.

आणि डाव्यांचं काय? स्टालिनने १९५३ मध्ये डॉक्टरांवर, त्यातही बहुतेक ज्यू डॉक्टरांवर, पुढाऱ्यांना विष घालण्याचा आळ घेतला, तो कोणत्या उजवेपणातून?

वाळूचं_घड्याळ

डाव्यांनाही हा रोग झाला आहे, वादच नाही. स्टालिनकडे तर सगळी सत्ता होती, तेव्हा हे उदाहरण धाग्याच्या बाजूचेच ठरते. पण अतिउजव्यांकडे कट करणारा बहुधा 'परका' असतो, रक्ताने किंवा धर्माने. १९०३ मध्ये रशियात छापलेले ज्यूंच्या जागतिक कटाचे 'प्रोटोकॉल्स' बनावट आहेत, तिसऱ्या नेपोलियनवरच्या १८६४ च्या एका फ्रेंच उपहासिकेतून उचललेले आहेत, हे लंडनच्या टाइम्सने १९२१ मध्येच दाखवून दिले. त्याने विक्री थांबली नाही. सोरोसच्या पोस्टरावरचे ते हसू त्या जुन्या चित्राच्या फार जवळचे आहे. आणि गंमत म्हणजे तरुण ओर्बान १९८९ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेले ते सोरोस यांच्याच संस्थेच्या शिष्यवृत्तीवर.

निमूट

शिष्यवृत्तीसुद्धा कटाचाच भाग असेल तर?

काठावरचा

विनोद चालू द्या, पण एक नोंद. 'ग्रेट रिप्लेसमेंट', म्हणजे स्थलांतरित आणून गोऱ्यांची जागा मुद्दाम भरली जातेय ही कहाणी, फ्रेंच लेखक रनो काम्यू यांनी २०११ मध्ये त्या नावाने मांडली. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चला दोन मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याच्या जाहीरनाम्याचं शीर्षक तेच होतं. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात एका दुकानात १० कृष्णवर्णीयांना मारणाऱ्याने तेच लिहिलं. पुढारी सभेत 'ते आपली जागा घेताहेत' एवढंच म्हणतो आणि टाळ्या घेऊन घरी जातो.

तीनपेडी

काठावरचा यांना +१. त्यावरून ऑस्ट्रिया आठवला. एप्रिल २०१९ मध्ये, क्राइस्टचर्चला जेमतेम दीड महिना झालेला, अतिउजव्या पक्षाचे उपचान्सलर श्ट्राखे मुलाखतीत म्हणाले की लोकसंख्येच्या अदलाबदलीविरुद्ध आम्ही लढत राहू. १७ मेला त्यांचा इबिझा बेटावरचा २०१७ चा गुप्त व्हिडिओ बाहेर आला. रशियन धनाढ्याची पुतणी म्हणवणाऱ्या बाईला ते समजावताहेत की देशातलं सगळ्यात मोठं वर्तमानपत्र विकत घ्या, आमच्या पक्षाला मदत करा, सरकारी कंत्राटं तुम्हाला. दुसऱ्या दिवशी राजीनामा. म्हणाले, माझ्याविरुद्ध कट झाला.

अवखळ_आत्या

झालाच होता की! पुतणी खोटी होती. सगळ्या अतिउजव्या युरोपात एकाला खरा कट भेटला आणि तो त्यात सोफ्यावर बसून बोलत होता.

खडूफळा

आत्या _/\_ धागा इथे संपवा.

आडवाट

धागा संपायच्या आत माझा एक अपवाद घ्या. इटलीत मेलोनी विरोधात असताना 'वांशिक अदलाबदल' उघड बोलायच्या. २०२२ मध्ये पंतप्रधान झाल्या आणि भाषा बरीच सौम्य झाली. म्हणजे सत्ता मिळाल्यावर कारस्थान कमी होऊ शकतं.

गाळणी

@आडवाट, पूर्ण अपवाद नाही. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचे कृषिमंत्री लोलोब्रिजिदा म्हणाले की वांशिक अदलाबदलीपुढे आपण शरण जाता कामा नये. टीका झाल्यावर म्हणाले, शब्दाचा इतिहास मला ठाऊक नव्हता. त्याच उन्हाळ्यात त्याच मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी युरोपीय संघाबाहेरच्या ४,५२,००० कामगारांना परवाने द्यायचं ठरवलं. शेतात टोमॅटो काढायला माणसं हवीत हे कृषिमंत्र्याला कळणार नाही तर कोणाला!

आडवाट

हे माहीत नव्हतं. अपवाद मागे घेत नाही, पण जरा बाजूला सरकवून ठेवतो.

तिरकी_रेघ

दोन दिवस बाहेर होतो, धागा कुठल्या कुठे गेलाय. सगळ्यांचे आभार.

मी विचारलं होतं सवय, श्रद्धा की गरज. मी कल्पना केली होती की वरचे लोक चलाख आणि खालचे भोळे. गाळणींच्या फॉक्सच्या गोष्टीने ते बिघडवलं. शब्दखोर यांचं गणित सगळ्यात पटलं: आम्हीच लोक असू तर हरणं शक्य नाही आणि जिंकल्यावर अपयशी होणंही शक्य नाही. त्यामुळे जिंकल्यावर कट लागतो तो दुसऱ्या कारणासाठी, की काम का झालं नाही. इटलीचं टोमॅटोचं उदाहरण या खान्यात बसतं.

पण बाबांची फूटपट्टी कुठल्याच खान्यात बसत नाही. त्यांना ना मतं हवी होती ना पैसे. उलटतपासणी यांचं त्याबाबतीत ऐकायला हवं होतं, मी त्यांना सुरुवातीला मनातल्या मनात उडवून लावलं होतं.

मिरचीदाणा, पोलंडमध्ये २०२३ मध्ये सरकार बदललं ना? त्या उपसमितीचं काय झालं? आणि बाबांचं?

उलटतपासणी

मनातल्या मनात उडवून लावल्याची जाहीर कबुली इथे पहिल्यांदाच पाहतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मिरचीदाणा

@तिरकी_रेघ, उपसमितीने २०२२ मध्ये अहवाल काढला, स्फोट झाला म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये टुस्क यांचं सरकार आलं आणि काही दिवसांतच त्यांनी ती बरखास्त केली.

तुमचा प्रश्न वाचून काल मैत्रिणीला फोन केला. बरखास्तीची बातमी ऐकून बाबा शांतपणे म्हणाले होते, "बघ, मिटवलंच ना शेवटी." ती म्हणाली, मी वाद घातला नाही. आता त्यांचा हात थरथरतो, पेन्सिल उभी राहत नाही. पाहुणे आले की तीच धरून बसते.